काळ्या पडद्यावरची पिवळी अक्षरं

माझा स्वभाव तापट आहे, हे आधीच सांगून टाकते. श्रीरामपुरात एस.टी. स्टँडच्या मागच्या गल्लीत, सायकलच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत मी कॉम्प्युटरचा क्लास चालवायचे तेव्हा पोरं मला पाठीमागं 'मिरची' म्हणायची. मला ते माहीत होतं आणि खरं सांगायचं तर आवडायचंही. डिप्लोमा झालेली, लग्न न झालेली, स्वतःच्या हिमतीवर क्लास काढलेली बाई गोड बोलत बसली असती तर गावानं तिला चार दिवसांत घरी बसवली असती. तेव्हा तोंड चालवणं भाग होतं. पुढं पुढं ते नको तिथंही चालायला लागलं.

परवा भावाच्या मुलीचा फोन आला. तिनं आणि तिच्या मैत्रिणींनी मिळून कसलंसं ॲप बनवलंय आणि ते आधी कुठल्या फोनवर काढायचं यावरून त्यांच्यात जुंपली होती. दोन्हीकडच्या बाजू तिनं धडाधड सांगितल्या आणि म्हणाली, "आत्या, तू सांग ना, आधी कशावर काढू?" मी म्हटलं, "नंतर बोलते," आणि फोन ठेवला. ती बिचारी बुचकळ्यात पडली असेल. मला उत्तर येत नाही असं नाही. हे उत्तर मी एकदा दिलेलं आहे आणि ते बरोबर होतं. तेच तर दुखणं आहे.

तेव्हा फोनचा प्रश्न नव्हता. नव्वदीचं दशक निम्मं सरलं होतं आणि प्रश्न होता डॉस की विंडोज. ज्यांनी तो काळ पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगते. डॉस म्हणजे काळा पडदा, त्यावर नुसती अक्षरं आणि सगळं काम कीबोर्डवर. विंडोज म्हणजे पांढरा लखलखीत पडदा, बारीक बारीक चित्रं आणि माऊस. एकावर केलेला प्रोग्रॅम दुसऱ्यावर नीट आणायचा तर जवळजवळ नव्यानं लिहायला लागायचा. आणि लिहिणारे आम्ही दोघंच होतो.

दोघं म्हणजे मी आणि माझा मावसभाऊ. माझ्यापेक्षा चार वर्षांनी लहान. मावशी सोनईच्या पलीकडं एका वस्तीवर राहायची आणि मावशीचे मालक, म्हणजे काका, साखर कारखान्यात चिटबॉय होते. कुणी ऊस कधी लावला याची शेतावर जाऊन नोंद घ्यायची आणि वेळ आली की त्याला तोडीची चिठ्ठी द्यायची, हे चिटबॉयचं काम. हुद्दा लहान, पण हंगामात भले भले बागायतदार त्याला ओट्यावर बोलावून चहा पाजतात. आमच्या जातीतल्या माणसाला ओट्यावर बोलावणं काकांच्या वडिलांच्या वेळेला कुणाच्या स्वप्नातही नव्हतं. त्यामुळं काकांना त्या नोकरीचा फार अभिमान होता आणि पोरानंही तीच धरावी असं त्यांना वाटायचं.

एका हंगामाला त्यांनी त्याला हंगामी म्हणून चिकटवलंही. महिन्याभरात पोरगा दोनदा सायकलसकट पाटाच्या चारीत पडला आणि एकदा उभ्या बैलगाडीवर जाऊन आदळला. तिन्ही वेळा संध्याकाळी घरी येताना. काका म्हणाले, वेंधळं आहे, काय करणार. मग मावशी त्याला एक पिशवी घेऊन आमच्याकडं सोडायला आली आणि आईला म्हणाली, "अक्का, याला बसून करायचं काय काम आसंल तर बघ. हिंडायचं काम याच्या हातनं व्हत न्हाई." तो दाराशी मान खाली घालून उभा होता. मी दुसऱ्या दिवशी त्याला क्लासात नेऊन बसवलं.

वर्षभरात तो माझ्यापुढं गेला. कीबोर्डकडं कधी बघायचाच नाही. बोटं नुसती पळायची. मी क्लासातल्या पोरांना दाखवायचे, "बघा, याला म्हणतात टायपिंग. नाहीतर तुम्ही, एकेक अक्षर कोंबडी दाणे टिपते तसं टिपताय." घरी आई त्याच्यावर आणखी खूष होती. पाचच्या सुमाराला तो क्लास सोडून घरी यायचा, नळाचं पाणी भरायचा आणि दिवेलागणीनंतर म्हणून घराबाहेर पाऊल टाकायचा नाही. शेजारची पोरं स्टँडवर उंडारत असायची आणि आमचं पोरगं घरात. "असं गुणी लेकरू बघायला मिळत नाही," असं आई गल्लीत सगळ्यांना सांगायची. मी मात्र चिडायचे. संध्याकाळची बॅच माझ्या एकटीच्या गळ्यात पडायची. त्याला एकदा थांब म्हटलं तर म्हणाला, "ताई, सकाळी सात वाजता येतो, पन सांजचं न्हाई जमायचं." मी त्याला पाणीभऱ्या म्हणून चिडवलं. तो हसला.

प्रोग्रॅमची कल्पना त्याचीच. गावोगावच्या गट ऑफिसात, म्हणजे कारखान्याच्या तिथल्या कचेरीत, उसाच्या लागणीची जाडजूड नोंदवही असते. ज्याची लागण आधी त्याची तोड आधी, असा नियम. पण वही हाताची. मधेच पान फाटायचं, कुणाचं तरी नाव वर चढायचं, कुणाचं खाली जायचं, आणि ज्याच्यामागं कुणी नाही त्याचा ऊस तुरा येऊन उभाच राहायचा. काका प्रामाणिक होते, पण वही एकट्या काकांच्या हातात नव्हती. ही चिडचिड पोरानं लहानपणापासून जेवताना ऐकलेली. तो म्हणाला, "ताई, कॉम्प्युटरला कोन पावना न्हाई आन् कोन सोयरा न्हाई. तारीख टाकली का यादी आपली आपन लागंल." मला ते एकदम पटलं. आम्ही कामाला लागलो, आणि त्याच आठवड्यात ठरवून टाकलं की चाललं तर निम्मं-निम्मं, दोघं भागीदार.

काम करताना त्याचा एक हट्ट होता. नोंदी टाकायच्या तर मी शेजारी बसून वाचायच्या आणि त्यानं टाकायच्या. टाकलं की तो ते मोठ्यानं परत म्हणून दाखवायचा. गाव, गट नंबर, शेतकऱ्याचं नाव, लागणीची तारीख. ही गट ऑफिसातली जुनी रीत. तिथं नोंद चढवायला एकटा माणूस कधी बसतच नाही. एक वाचतो, एक लिहितो, आणि लिहिणारा परत म्हणतो. एक तारीख चुकली तर भांडण उसाच्या फडापर्यंत जातं, म्हणून. चिटबॉयच्या घरात वाढलेला मुलगा तीच रीत पाळणार, यात मला काही वावगं वाटलं नाही. परत म्हणताना तो पडद्याकडं बघायचासुद्धा नाही. मला वाटायचं, काय स्मरणशक्ती आहे पठ्ठ्याची.

त्याच्या पडद्यावरची अक्षरं पिवळी होती आणि भलीमोठी. एका ओळीत ऐंशी मावतात तिथं चाळीसच बसतील अशी त्यानं करून घेतली होती. मी म्हणायचे, "अरे, ही काय पंगत आहे का? एकेक अक्षर ऐसपैस मांडी घालून बसलंय." तो म्हणायचा, "गट ऑफिसातल्या म्हाताऱ्या क्लार्कांना बरं पडतंय, ताई." म्हाताऱ्या क्लार्कांची त्याला किती काळजी, असं मला कौतुक वाटायचं.

डॉसवरचं काम निम्म्यावर आलं तेव्हा काकांच्या ओळखीनं एका कारखान्याचे शेतकी अधिकारी क्लासात येऊन बघून गेले. कारखान्याचं नाव सांगत नाही, सांगण्यासारखं त्यांनी काही वाईट केलेलं नाही. साहेबांना प्रोग्रॅम आवडला. ते म्हणाले, "आमच्याकडं दोन तऱ्हेची मशीनं आहेत. गट ऑफिसांना जुनी, डॉसवाली. हेड ऑफिसला आता नवीन आलीत, विंडोजवाली. तुम्ही दोघंच आहात, एकदम दोन्हीवर जमणार नाही. आधी एकावर आणा. ते चाललं तर दुसऱ्याचं बघू. कशावर आणायचं ते तुम्हीच ठरवून सांगा." जाताना त्यांनी माझ्या मावसभावाच्या पाठीवर थाप मारली. तो दचकला. त्यांचा हात येताना त्याला दिसलाच नव्हता, पण हे मला आज कळतं.

मी म्हटलं, विंडोज. तो म्हणाला, डॉस.

माझं कारण साधं होतं. आमची यादी गट ऑफिसच्या भिंतीवर लागणार होती. डॉसवर मराठी अक्षरं उमटवायची तर प्रत्येक मशीनमध्ये वेगळं कार्ड बसवावं लागायचं आणि ते कुणी बसवणार नव्हतं. म्हणजे यादी इंग्रजीत. विंडोजवर मराठी सरळ टाइप होत होतं आणि छापलंही जात होतं. माझ्या आज्ज्यानं न वाचता येणाऱ्या कागदावर अंगठा दिला होता आणि त्या कागदानं काय काय नेलं ते आमच्या घरात लहान पोरालाही तोंडपाठ होतं. माझे वडील शिकले ते त्या अंगठ्याच्या रागानं, आणि मी शिकले ती वडिलांच्या धाकानं. आणि आता मी यादी काढणार ती इंग्रजीत? मग पुन्हा कुणाला तरी विचारायचं, दादा, माझं नाव कुठं हाय? ज्याला विचारायचं तोच तर नाव खालीवर करणारा. मी म्हटलं, "माणसाला स्वतःचं नाव स्वतःला वाचता आलं पाहिजे. बाकी सगळं गेलं खड्ड्यात."

पण तो सोडेना. रोज नवं कारण घेऊन यायचा. गट ऑफिसातली मशीनं जुनी आहेत, हंगाम तिथं चालतो, हेड ऑफिसात नाही. क्लार्कांना माऊस जमायचा नाही. लाइट गेली तर डॉस लगेच उभं राहतं. निम्मं काम झालंय, ते का टाकायचं? आज विचार केला तर यातलं एकही कारण खोटं नव्हतं. फक्त खरं कारण त्यात नव्हतं. शेवटी म्हणाला, "ताई, आधी डॉसवर काढू. विंडोजचं नंतर करू, शब्द देतो." मी म्हटलं, "नंतर म्हणजे कधीच नाही. जे आधी होतं तेच राहतं. हे तुलाही माहीत आहे."

हे मी बोलले होते. मीच.

पंधरा दिवस हे चाललं. मग एका दुपारी माझा तोल सुटला. क्लासात पाच-सहा पोरं बसलेली. मी सगळ्यांदेखत त्याला म्हटलं, "तुला नवीन शिकायचा कंटाळा आहे, दुसरं काही नाही. चिटबॉयचा पोरगा शेवटी चिठ्ठ्याच फाडणार. तुला या खुर्चीत बसवलं, हीच माझी चूक." कीबोर्डवरचे हात काढून त्यानं मांडीवर ठेवले. म्हणाला, "बरं. विंडोज." बास. एवढंच. मला वाटलं, जिंकले.

विंडोजचं काम सुरू झालं आणि तो मंदावला. माऊस हातात धरायचा, टेबलावर इकडून तिकडं फिरवायचा, बाण कुठं गेला ते शोधत राहायचा. म्हणायचा, "हा उंदीर माझं ऐकत न्हाई, ताई. तू चालीव, मी सांगतो." मग मी पडद्यापुढं बसायचे आणि तो खुर्ची उलटी करून, डोळे मिटून एकेक ओळ सांगायचा. लागणीची तारीख सारखी आली तर काय करायचं, खोडवा, म्हणजे तोडीनंतर बुडख्यातून पुन्हा फुटलेला ऊस, कुठं धरायचा, सगळं. सारं डोक्यात लिहिलेलं. एकदा म्हणाला, पांढऱ्या पडद्यानं डोकं दुखतंय. मी त्याला डोकेदुखीची गोळी दिली.

खरं सांगू? मला त्यातही बरंच वाटत होतं. आता माऊस माझ्या हातात होता आणि मी त्याच्या मागं राहिलेली नव्हते.

दाखवायचा दिवस ठरला. हेड ऑफिसात शेतकी अधिकारी, आणखी दोन साहेब आणि दाराशी एक जुने हेडक्लार्क. नव्या मशीनमध्ये मी प्रोग्रॅम घालून दिला. साहेब म्हणाले, उसातलं यांना जास्त कळतंय, यांनाच दाखवू द्या. तो खुर्चीत बसला. आदल्या दिवशी त्यानं मला दोनदा सगळी यादी वाचायला लावली होती. बटणं कुठं आहेत ते कीबोर्डवरून कसं गाठायचं हेही पाठ केलं होतं. सुरुवात फक्कड झाली. तो नाव सांगायचा, तारीख सांगायचा, एंटर दाबायचा. साहेब माना डोलवत होते आणि मला वाटत होतं, उगाच बोलले मी याला, पोरगं हिऱ्यासारखं आहे.

मग शेतकी अधिकारी पुढं झाले. म्हणाले, "समजा, या शेवटच्याची लागण मी महिनाभर आधीची धरली." त्यांनी स्वतःच कीबोर्ड ओढून तारीख बदलली. यादी खालीवर झाली, शेवटचं नाव सगळ्यांत वर आलं. जसं यायला पाहिजे होतं तसंच. साहेब म्हणाले, "हां. आता पहिलं नाव कुणाचं?"

त्यानं जुनं नाव सांगितलं.

साहेब म्हणाले, "नीट बघून सांगा." तो वाकला. नाक काचेला टेकेल इतका वाकला, आणि पुन्हा तेच जुनं नाव म्हणाला. आवाज बारीक झाला होता. मी टेबलाखालून त्याचा पाय दाबला. मला वाटलं, मुद्दाम करतोय, त्या दिवशीचा राग काढतोय. तेवढ्यात दाराशी बसलेले हेडक्लार्क उठले, त्याच्या कानशिलापाशी आले आणि त्यांनी त्याच्या चेहऱ्याच्या बाजूला हात हलवून पाहिला. दोनदा. तो समोर बघत बसलेला होता. ते माझ्याकडं वळून हळू म्हणाले, "बाई, पोराला दिसत न्हाई."

तो खुर्चीवरून उठायला लागला आणि मी त्याचा दंड धरून त्याला बाजूच्या बाकावर बसवलं. इथपर्यंत कुणीही तेच केलं असतं. पण पुढं मी काय केलं? मी त्याच्या खुर्चीत बसले, माऊस हातात घेतला आणि उरलेला प्रोग्रॅम दाखवून पुरा केला. दहा-पंधरा मिनिटं. माझा आवाजही कापला नाही. साहेबांनी होकार दिला, यादी मराठीत आहे याचं कौतुक केलं, चहा झाला. तो बाकावर बसून कपाची कड बोटानं चाचपत होता. त्या पंधरा मिनिटांची मला आजही लाज वाटते, आणि ती जाणार नाही.

आठवड्यानं त्याला नगरला डोळ्यांच्या डॉक्टरांकडं नेलं. डॉक्टर म्हणाले, हे जन्माचं आहे. आधी रात्रीचं दिसणं जातं, मग कडेकडेचं, मग मधलं. याला औषध नाही. मावशीला सांगितलं तर ती कपाळावर हात मारून म्हणाली, "माझ्या बापालाबी रातचं दिसत नव्हतं. मला वाटलं, तेवढंच आसंल." पोराला मात्र माहीत होतं. आमच्याकडं यायच्या आधीच कुणा डॉक्टरनं त्याला सांगितलं होतं, आणि काळ्यावर पिवळं, मोठं, एवढंच काय ते त्याला बरं दिसायचं.

परतीच्या एस.टी.त मी त्याला खिडकीशी बसवलं. मग लक्षात आलं, कशासाठी बसवलं? राहुरी गेल्यावर मी विचारलं, "मला का नाही सांगितलंस?"

"सांगून काय झालं आस्तं?"

"मी आधी डॉसवर काढलं असतं."

"व्हय. म्हनूनच न्हाई सांगितलं." तो खिडकीकडंच तोंड करून बोलत होता. "तू माझ्यासाठी काढलं आस्तंस. मंग मी भागीदार कसला ऱ्हायलो आस्तो? पोसलेला झालो आस्तो. मला वाटत हुतं, काय तरी कारन सापडंल आन् डॉसच बरोबर हाय आसं तुला पटंल. लई शोधलं, ताई. पन तुझंच बरोबर हुतं. नाव मराठीतच पायजे हुतं."

मला रडू आलं नाही. मला त्याचा भयंकर राग आला आणि त्याहून माझा. मी म्हटलं, "पुढच्या हंगामाला डॉसचं करू. तुझी अक्षरं, तुझा रंग, सगळं तसंच." तो म्हणाला, "कर."

हेड ऑफिसात छापलेली पहिली मराठी यादी लागली ती मी सोनईच्या बाजूच्या गट ऑफिसात जाऊन बघितली. भिंतीशी ही गर्दी. एक म्हातारी पदर डोक्यावर घेऊन बोटानं एकेक ओळ लावत खाली येत होती. प्रौढ शिक्षणाच्या वर्गात तेवढं शिकलेली असणार. सतराव्या ओळीवर बोट थांबलं, तिनं ते नाव पुटपुटत तीनदा वाचलं आणि शेजारच्याला म्हणाली, "ह्ये मी हाय." हे मी पाहिलेलं आहे. म्हणून मला असंही म्हणता येत नाही की माझं चुकलं. चुकलं असतं तर माफी मागून मोकळी झाले असते.

डॉसचं पुढच्या हंगामाला झालं नाही. कारखान्याला विंडोजमध्ये भर हवी होती, मग दुसऱ्या कारखान्याचं बोलावणं आलं, मग गट ऑफिसांनाही नवी मशीनं यायला लागली आणि डॉसचं नावसुद्धा कुणी काढेना. तो क्लासात येत राहिला. नव्या पोरांना कानानं टायपिंग शिकवायचा. कुणाचं बोट चुकलं ते खटक्यावरून ओळखायचा. निम्मा वाटा मी त्याला न मागता देत होते आणि तो न बोलता घेत होता, आणि पोसलेला हा शब्द आमच्या दोघांच्या मधे बसलेला असायचा. दर दिवाळीला मी म्हणायचे, या वर्षी डॉसचं करायचंच. तो म्हणायचा, "घाई न्हाई, ताई." असे तीन हंगाम गेले.

चौथ्या वर्षी मी हट्टानं बसले. कुणी मागितलं नव्हतं, कुठं लागणार नव्हतं. सकाळची बॅच यायच्या आधी दोन-दोन तास बसून मी त्याचाच जुना निम्मा प्रोग्रॅम काढून पुरा केला. काळा पडदा, पिवळी अक्षरं, ओळीत चाळीस. मराठी नाही, इंग्रजीच. पुरं झालं त्या रविवारी क्लास बंद ठेवला आणि त्याला हाताला धरून जिना चढवून आणलं. खरं तर धरायची गरज नव्हती. पायऱ्या त्याला पाठ होत्या.

त्याच्या जुन्या मशीनचं बटण दाबलं. आतला पंखा घरघरायला लागला. प्रोग्रॅम आपोआप सुरू होईल असं मी करून ठेवलं होतं. "बस," म्हटलं, "मी चहा आणते," आणि आतल्या खोलीत स्टोव्हवर ठेवलेला चहा गाळायला गेले. परीक्षेचा निकाल लागायचा असल्यासारखं झालं होतं मला.

बाहेर आले तर तो खुर्चीत नीट पुढं सरकून बसला होता. हात कीबोर्डवर, तोंड पडद्याकडं. माझी चाहूल लागताच हसून म्हणाला, "झकास केलंस, ताई. अक्षरं तशीच मोठी ठेवलीस. रंगबी तोच. आता बरं दिसतंय मला."

मी पडद्याकडं पाहिलं. तो बंद होता. मॉनिटरचं बटण वेगळं असायचं, आणि ते दाबायचं माझ्याकडनं राहून गेलं होतं.

माझा हात बटणाकडं गेला. पण दाबलं असतं तर खट्ट वाजलं असतं आणि त्याला कळलं असतं. मी हात मागं घेतला, कप टेबलावर ठेवले, खुर्ची ओढून त्याच्या शेजारी बसले आणि काकांची जुनी नोंदवही उघडली. "तू टाक," मी म्हटलं, "मी वाचते." मी पहिली नोंद वाचली. गाव, गट नंबर, नाव, तारीख. त्याची बोटं पळाली, आणि मग रीतीप्रमाणं त्यानं ती नोंद मोठ्यानं परत म्हणून दाखवली.